जादूला साइड इफेक्ट असलेली पुस्तकं सुचवा (आणि सध्या काय वाचून राहिले तेही सांगा)

मेडिकलवाला_मानेवाडा

नमस्कार मंडळी. नागपुरात मानेवाड्याला माझं छोटं मेडिकल आहे. मे महिन्यात दुपारी दीड ते साडेचार रस्त्यावर कुत्रंही फिरकत नाही. चुकून कोणी आलंच तर ओआरएसची पुडी मागतं, नाही तर घामोळ्यांची पावडर. बाकी वेळ मी, कूलर आणि पुस्तक. कूलरमध्ये पाणी ओतायला मधून मधून उठावं लागतं, तेवढाच व्यायाम.

सध्या जूल व्हर्नचं 'मिस्टिरियस आयलंड' इंग्रजीतून वाचून राहिलो. बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, फुटपाथवरच्या ढिगात मिळालं, कव्हर गेलेलं. अमेरिकेत यादवी युद्ध चालू आहे, साल 1865. पाच माणसं आणि एक कुत्रा फुग्यात बसून रिचमंडहून पळतात, वादळात सापडतात आणि पॅसिफिकमधल्या एका निर्जन बेटावर येऊन पडतात. जवळ सामान म्हणावं असं काही नाही. आगकाडी एकच. ती पेटवायचं पान वाचताना मी दुकानातला पंखा बंद केला होता, खरं सांगतो.

त्यांच्यात एक इंजिनीअर आहे. तो दोन घड्याळांच्या काचा जोडतो, मधे पाणी भरतो आणि भिंग करून जाळ काढतो. मग विटा, मग लोखंड, मग गंधकाम्ल, नत्राम्ल, जनावराच्या चरबीतून ग्लिसरीन, आणि त्यातून थेट नायट्रोग्लिसरीन. डी.फार्म.ला मला केमिस्ट्री या माणसाने शिकवली असती तर एक वर्ष वाचलं असतं.

काल जिथे थांबलो तिथे हर्बर्ट नावाचं पोरगं तापाने फणफणलंय. साधा ताप नाही, जीव घेणारा हिवताप. क्विनीन पाहिजे, आणि ज्याच्या सालीतून ते निघतं ते सिंकोनाचं झाडच बेटावर नाही. मग विलोच्या सालीवर भागवतात. (त्या सालीत सॅलिसिन असतं, ऍस्पिरिनच्या खानदानातलं. ताप उतरवेल, हिवतापाचं मूळ काही काढणार नाही. व्हर्नने हे बरोबर पकडलंय.) तापाचा आणखी एक झटका आला की पोरगं जाणार. आणि सकाळी टेबलावर एक डबी. क्विनीन सल्फेट. कोणी ठेवली? बेटावर तर दुसरं कोणीच नाही! मी एकोणीस वर्षं औषधं विकून राहिलो, पण डबी पाहून अंगावर काटा यायची ही पहिलीच वेळ.

आता मुद्दा. भाचीने मला फँटसीच्या दोन जाड कादंबऱ्या दिल्या, नावं सांगत नाही, तिला वाईट वाटेल. एकीत हिरोला चाळिसाव्या पानावर शक्ती मिळते. बोट दाखवलं की डोंगर फुटतो. आणि संध्याकाळी हा गडी जेवायला बसतो! ना दमला, ना हात थरथरला, ना कोणाचं काही बिघडलं. असं औषध माझ्या दुकानात एकही नाही जी. प्रत्येक डबीत घडीचा कागद असतो, त्यावर मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलेलं असतं: किती घ्यायचं, कोणी घ्यायचं नाही, घेतलं तर काय उलटेल. जादूचाही असा कागद पाहिजे. पुस्तकात छापलेला नको, गोष्टीत मुरलेला पाहिजे.

अशी फँटसी किंवा साहसाची कादंबरी कोणाला ठाऊक आहे का? मराठी, हिंदी, इंग्रजी, काहीही चालेल, इंग्रजी जरा सोपं असावं. पोराटोरांचं पुस्तक असलं तरी लाज नाही, काउंटरच्या मागे कव्हर कोणाला दिसते?

रात्रपाळी_बुटीबोरी

भाऊ, तुमचं पुस्तक ठरलं. अर्सुला ले ग्विन, 'अ विझर्ड ऑफ अर्थसी', 1968. कंपनीच्या बसमध्ये दुसऱ्यांदा वाचून राहिलो.

सगळं जग म्हणजे बेटंच बेटं. तिथली जादू नावांवर चालते. प्रत्येक वस्तूचं, प्रत्येक माणसाचं एक खरं नाव असतं, ते ज्याला ठाऊक त्याची तिच्यावर सत्ता. म्हणून कोणी खरं नाव सांगत नाही. हे वाचलं आणि मला माझी आजी आठवली. दिवेलागणीनंतर साप म्हणायची नाही, 'लांबडं' म्हणायची. आजोबांचं नाव तर फक्त उखाण्यात. अमेरिकेतल्या बाईला हे कुठून कळलं देव जाणे!

आता तुमचा साइड इफेक्ट. इथे पाऊस ओढून आणला तर दुसरीकडे दुष्काळ पडू शकतो, म्हणून शहाणा जादूगार उगाच हात हलवत नाही. नायक गेड, पोरगेलासा, अंगात मस्ती. वर्गातल्या एकाला दाखवायला म्हणून मेलेल्या बाईचा आत्मा बोलावतो, आणि त्या फटीतून भलतंच काहीतरी बाहेर येतं. चेहरा फाडून जातं. ती फट बुजवताना शाळेच्या मुख्य जादूगाराचा जीव जातो. हे सगळं पुस्तकाच्या पूर्वार्धातच आहे, पुढचं सांगत नाही. गेड तांबूस सावळा आहे, आपल्यासारखा. पुस्तक छोटं, इंग्रजी तासलेलं. एका आठवड्याच्या दुपारी पुरे.

महालचे_आजोबा

मेडिकलवाले, तुमची डबी कॅप्टन नेमोने ठेवली. तो त्याच बेटाच्या पोटात पाणबुडी घेऊन बसला आहे. आणि खरी मौज पुढेच आहे: हा नेमो कोणी युरोपियन नव्हे, बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कर. टिपूचा पुतण्या म्हणून व्हर्नने त्याला उभा केला आहे. 1857 च्या उठावात लढला, बायकामुलं गमावली, आणि मग समुद्रात शिरला. आम्ही जूल व्हर्न भा. रा. भागवतांच्या मराठीतून वाचला, तेव्हा हा आपलाच माणूस आहे याचा पत्ता नव्हता. 'स्टीम हाऊस' म्हणून त्याची आणखी एक कादंबरी आहे, 1880 ची. तीत वाफेवर चालणारा लोखंडी हत्ती दोन घरं ओढत हिंदुस्थानभर हिंडतो. पण त्यात नानासाहेब पेशव्यांना खलनायक केलं आहे, ते माझ्या पचनी पडलं नाही.

मेडिकलवाला_मानेवाडा

आजोबा!!! अजून दीडशे पानं बाकी होती!

महालचे_आजोबा

पुस्तक 1875 चं आहे बाप्पा. मला वाटलं एव्हाना कळलं असेल.

बरं, भरपाई म्हणून नीट सांगतो. तुम्ही देवकीनंदन खत्रींची 'चंद्रकांता' वाचा, हिंदीतून. 1888 ची. दूरदर्शनवरच्या मालिकेवरून मत बनवू नका, तो वेगळाच तमाशा होता. खत्रींनी बनारसकडे चकिया आणि नौगढच्या जंगलांचा ठेका घेतला होता. तिथले पडके किल्ले, गुहा, भुयारं पायाखाली घातली आणि ठेका गेल्यावर त्यावरच लिहायला बसले. ही कादंबरी वाचता यावी म्हणून लोक हिंदी शिकले असं सांगतात. आपल्याकडे शिकायची गरजच नव्हती, 1956 पर्यंत नागपूर मध्यप्रदेशाची राजधानी. दुकानाच्या पाट्यांपासून भांडणांपर्यंत सगळं दोन्ही भाषांत चालायचं.

तुम्हाला ती काहून आवडेल सांगतो. तीत जादू जवळजवळ नाहीच. अय्यार आहेत. अय्यार म्हणजे हेर, बहुरूपी आणि कंपाउंडर एकाच अंगरख्यात. कमरेला बटवा, बटव्यात बेहोशीची भुकटी. समोरच्याला हुंगवली की तो आडवा, मग गाठोड्यात बांधून पाठीवर टाकायचा आणि पसार व्हायचं. शुद्धीवर आणायला 'लखलखा' हुंगवतात. आणि अय्यारांचे आपसांतले नियम कडक असतात. तेजसिंह नावाचा अय्यार आहे, त्याच्यापुढे राजपुत्र वीरेंद्रसिंह मला नेहमी पोरकट वाटला. तिलिस्म, म्हणजे मायावी खजिन्याची जागा, तीही कळी-खटक्यांवर चालते. कोणतं दार कसं उघडायचं याची वही असते. तुमच्या घडीच्या कागदासारखीच म्हणा नं.

आमच्या घरी नाथमाधवांची 'वीरधवल' होती, पहिला फर्माच नसलेली. मी सतराव्या पानापासून सुरू होणारी कादंबरी म्हणूनच ती चार वेळा वाचली. पुढे वाचनालयात पूर्ण प्रत मिळाली, तर ती पहिली सोळा पानं मला उपरी वाटली. सध्या भिंग घेऊन अर्णाळकरांच्या रहस्यकथांतला 'काळा पहाड' वाचतो आहे. घरात कोणाला सांगितलेलं नाही.

वैनगंगाकाठ

आजोबा, दंडवत.

मी मूळची भंडाऱ्याची, नोकरीमुळे नागपुरात. सातवीच्या वर्गाला गोष्टी सांगते, म्हणून या उन्हाळ्यात किपलिंगचं 'जंगल बुक' परत काढलं. जादू नाही त्यात, पण दादा, तुम्ही नियम मागितले नं? त्यात जंगलाचा कायदा आहे. कोणी कधी मारायचं, पाणी आटलं की पाणवठ्यावर कोणी कोणाला शिवायचं नाही, सगळं ठरलेलं. दुष्काळात नदीतला खडक उघडा पडला की वाघ आणि हरीण एकाच नदीवर पाणी पितात, ती दुसऱ्या भागातली गोष्ट वर्गात वाचली तेव्हा मागच्या बाकावरची मंडळीसुद्धा गप्प होती.

खरी गोष्ट मला नकाशा काढताना लागली. मोगलीचा कळप ज्या डोंगरांत राहतो ते 'सिओनी' म्हणजे आपलं सिवनी. जबलपूर रोडने सरळ वर, सव्वाशेएक किलोमीटर. आणि 'वेनगंगा' म्हणजे वैनगंगा! जिच्या पुलावरून मी कॉलेजला जायची, तीच. लहानपणापासून हे पुस्तक ठाऊक होतं आणि नदी ओळखू आली नाही, कारण मनात ती इंग्रजी स्पेलिंगमध्ये वाहत होती. मजा म्हणजे किपलिंगने सिवनी कधी पाहिलंच नाही. अमेरिकेत व्हरमाँटला, जिथे बर्फ पडतं तिथे बसून त्याने हे लिहिलं, 1894 मध्ये छापून आलं. सातपुड्याची माहिती त्याला स्टर्नडेल नावाच्या इंग्रजाच्या 1877 च्या पुस्तकातून मिळाली.

त्याच दुसऱ्या भागात रानकुत्र्यांचीही गोष्ट आहे, ज्यांना आपण कोळसून म्हणतो. शेकड्यांनी येतात, समोर येईल ते फाडत. मोगली त्यांना वैनगंगेच्या घळीतल्या आग्यामोहोळांखाली आणून नदीत उतरवतो. साहस म्हणून त्याला माझ्या वाचनात तोड नाही. फक्त एक रुखरुख: ही कोळसुनं येतात कुठून, तर दख्खनमधून. म्हणजे आपल्याच बाजूने! खलनायक आपणच निघालो.

आता पेंचच्या जंगलातून तो जबलपूर रोड उंच खांबांवर नेला आहे, खालून जनावरं जातात. गेल्या महिन्यात सिवनीला लग्नाला गेले तेव्हा सगळे बसमध्ये झोपले होते आणि मी खिडकीला नाक लावून.

कूलरखाली_आडवा

मी सगळ्यांच्या उलट बोलतो. जादूला प्रिस्क्रिप्शन लावलं की ती जादू राहत नाही, केमिस्ट्री होते. टोल्किनचा जादूगार गँडाल्फ काय करू शकतो आणि काय नाही हे हजार पानांत कुठेही लिहिलेलं नाही, आणि काही अडत नाही. 'हॉबिट' 1937 चं, ते आधी वाचा. मग 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'.

तरी तुमच्या समाधानासाठी: अंगठीला साइड इफेक्ट आहे आणि तो जबरदस्त आहे. घातली की माणूस दिसेनासा होतो, इतकंच वाटतं. पण ती बाळगणाऱ्या बिल्बोचा एकशे अकरावा वाढदिवस येतो आणि म्हातारा पन्नाशीतला दिसतो. लोकांना कौतुक. त्याला स्वतःला मात्र आतून विरल्यासारखं वाटत असतं. आयुष्य वाढलेलं नसतं, नुसतं ताणलेलं असतं. कोणी समजावून सांगत नाही, हळूहळू कळतं.

मेडिकलवाला_मानेवाडा

कूलरखाली भाऊ, तुम्ही माझ्याविरुद्ध बोलायला आले आणि माझीच बाजू मांडून गेले. कोणी समजावत नाही, हळूहळू कळतं, हेच तर 'गोष्टीत मुरलेलं'. काही गोळ्या अशाच असतात. पेशंट म्हणतो एकदम छान वाटून राहिलं, आणि मी चिठ्ठीवरची तारीख पाहतो.

हिशोब असा. काल रात्री आजोबांवर रागावून उरलेली पानं वाचायला बसलो आणि दोनला संपवली. नेमो म्हातारा झालेला, एकटा, साथीदार सगळे गेलेले. बुंदेलखंडचा आहे हे आधी कळलं म्हणून काही बिघडलं नाही, उलट तो बोलायला लागला तेव्हा माझ्या कानात हिंदी ऐकू येऊन राहिली. आजोबा, माफ केलं.

'चंद्रकांता' आज सकाळी बर्डीवर मिळाली, साठ रुपयांत, मुखपृष्ठावर भलतीच बाई. ती आधी, कारण बेहोशीच्या भुकटीत काय असावं याचे माझे अंदाज सुरू झालेत. धोतरा नक्की असणार. मग अर्थसी. ताई, तुमचं 'जंगल बुक' मी पावसाळ्यात वाचतो, मेमध्ये दुष्काळाचं प्रकरण झेपणार नाही. टोल्किन भाचीकडे आहे, पण ती म्हणते आधी तिची दुसरी कादंबरी संपव. तीतही डोंगर फुटतात.

आजोबा, एक शंका: लखलखा ही खरंच काही चीज होती की खत्रींची करामत?

महालचे_आजोबा

नवसागर आणि चुना तळहातावर चोळून हुंगा, कळेल. आमची आजी फेफरं आलेल्या माणसाला तेच द्यायची.

मेडिकलवाला_मानेवाडा

अमोनिया! म्हणजे हा तर माझ्या मागच्या रॅकवर आहे. थांबा, गिऱ्हाईक आलं. ओआरएसच असणार.