मदत हवी आहे : चाळिशीत जिउ-जित्सू सुरू करतोय

मंडळी, पुण्यात ब्राझिलियन जिउ-जित्सू शिकणारं कोणी आहे का इथे? लहानपणी तालमीत थोडी कुस्ती केलीय, त्यामुळे पाठ टेकली की खेळ खल्लास, हे अंगात मुरलंय. इथे मात्र पाठीवर पडूनच पायांनी समोरच्याला अडकवायचं, म्हणजे 'गार्ड'. ट्रायल क्लासला मी सारखा पालथा होत होतो, आणि पालथं झालं की मागून गळा आवळलाच! ही खोड मोडायला घरी काय सराव करू? श्रिम्पिंग (पाठीवर पडून कंबर मागे-बाजूला सरकवत निसटायचा व्यायाम) चालू आहे.

गी (जाड जाकीट-पँटचा पोशाख) लगेच घ्यावा की आधी रॅशगार्ड (अंगाला घट्ट बसणारा टी-शर्ट) घालून नो-गी, म्हणजे गीशिवायचा सराव करावा? गुडघा जरा कुरकुरतो, त्यामुळे हील हूकवाल्यांपासून (टाच धरून पाय पिरगळायचा डाव, गुडघ्यावरच येतो) लांबच राहीन म्हणतो. आणि मॅटवरून गजकर्ण घरी येऊ नये म्हणून काय काळजी घेता? बायकोची तेवढी एकच अट आहे.