प्रति: घरचा सोनार

घरच्या सोनारावरच्या चर्चेत कुणीतरी म्हटलंय की घरचा सोनार म्हणजे घट (सोनं वितळवल्यावर कमी भरणारं वजन) लपवून पोट भरणारा माणूस. आमच्या भागातले एक सोनारकाका गेल्या महिन्यात वारले, त्यांच्यासाठी लिहितो.

आमच्या गावचा आठवडी बाजार रविवारचा. कापसाचे पैसे हातात आले की बायामाणसं त्याच दिवशी डोरलं, जोडवी घ्यायला येत. काका ख्रिस्ती, त्यांचं दुकान मात्र रविवारी बंद. "आज देवळात जातो जी, सोमवारी या." धंदा किती बुडाला असेल! पण त्यांनी कधी हिशेब काढला नाही. उपासनेत पेटी तेच वाजवत, आणि ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची भजनं लागली की आवाज चढे.

1963 च्या सुवर्णनियंत्रणानं 14 कॅरटच्या वरचे दागिने घडवायला बंदी आली आणि कितीतरी सोनारांचे हात रिकामे झाले. काका तेव्हा वडिलांच्या हाताखाली शिकत होते. घरी उपासमार, तरी वडिलांनी चोरून काम घेतलं नाही, हे ते अभिमानानं सांगत.

माझ्या आजीची पोत मोडायला नेली तेव्हा त्यांनी आधी कसोटीच्या दगडावर रेघ ओढून दाखवली. मग सांध्यांवर बोट ठेवून म्हणाले, "माय, इथं डाक जास्त हाय, वजन उतरन." डाक म्हणजे सांधे जोडायला वापरलेला हलका मिश्रधातू. वितळवल्यावर घट किती आली तेही आजीसमोरच तोलून वहीत मांडलं. तोळ्याचे 12 मासे, माशाच्या 8 गुंजा, हे मी तिथंच शिकलो.

त्या वहीत तीन पिढ्यांची लग्नं आहेत. घरच्यांनी ती रद्दीत घालू नये, एवढी कळकळीची विनंती.