ग्राइंडरपेक्षा जिगसॉ बरा

कबाड्याला विकायचा प्लास्टिकचा निळा ड्रम ग्राइंडरने झटपट कापला जातो, असं बरेच जण सांगतात. कापला जातो, पण चकतीच्या वेगाने एचडीपीई (ड्रमचं जाड प्लास्टिक) वितळतं, काप मागून पुन्हा चिकटतो आणि चकती अडकून मशीन हाताला झटका देते. त्यापेक्षा जिगसॉ (पातं वर-खाली हलणारी विजेवरची करवत) घ्या: लाकूड कापायचं मोठ्या दातांचं पातं, वेग कमी. १२ मिमीचं भोक पाडून सुरुवात करायची. आधी वरची-खालची जाड कड गोल कापून काढा, मग अंगाला उभे चार काप. दोनच केले तर कापलेला तुकडा परत गोल वळतो आणि पोत्यात जागा खातो. आपल्याकडे नागपुरात मे महिन्यात ४५ अंशांत प्लास्टिक आधीच मऊ असतं, पातं लगेच चिकटतं. हे काम सकाळी सातलाच उरका.

आणखी एक, जे सहसा कुणी सांगत नाही: हिंगण्याकडचे (नागपूरजवळच्या कारखान्यांच्या भागातले) जुने ड्रम बहुतेक केमिकलचेच. थिनर-सॉल्व्हंटचा असेल तर अजिबात कापू नका, आतली वाफ ठिणगीने पेट घेते. बाकीचे कापण्याआधी तीनदा धुवा, लोखंडी रिंग नि रबरी वायसर काढा. पाण्याचे २० लिटरचे जार यात मिसळू नका, ते पॉलिकार्बोनेट किंवा पेट असतात; कबाडी मिसळलेल्या मालाचा भाव पाडतोच.