शिफ्ट सुपरवायझर म्हणून स्वतःची बलस्थानं आणि उणिवा तपासायच्या कशा?

सेकंड_शिफ्ट
नमस्कार. चाकणला सीएनसी (संगणकाच्या आज्ञांवर चालणाऱ्या) मशिन शॉपमध्ये शिफ्ट सुपरवायझर आहे. हाताखाली २२ माणसं: ४ सेटर (मशिन कामासाठी लावून देणारे), १३ ऑपरेटर, ५ ट्रेनी. साधारण निम्मी कंत्राटी. अप्रेझलच्या फॉर्मवर यंदा नवा रकाना आलाय: नेतृत्वातली तुमची तीन बलस्थानं आणि तीन उणिवा, पुराव्यासह. ‘मेहनती आहे, सगळ्यांना सांभाळून घेतो’ असलं छापील उत्तर द्यायचं नाही, मला खरंच कळून घ्यायचंय. हातात दोन महिने आहेत. काय मोजू, कोणाला विचारू?

कॅलिपर
फॉर्म तूर्त बाजूला ठेवा आणि आधी रजिस्टरं काढा.

‘नेतृत्व’ या एका शब्दावर स्वतःला मार्क देता येत नाहीत, म्हणून त्याचे तुकडे पाडा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४० ते १९४५, अमेरिकेत कारखान्यांतल्या सुपरवायझरांसाठी टीडब्ल्यूआय (ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री) नावाचा कार्यक्रम चालला. पुढे तो जपानमध्ये गेला आणि तिथे चांगलाच रुजला. त्यात सुपरवायझरला लागणाऱ्या पाच गोष्टी सांगितल्यात: कामाची माहिती, जबाबदारीची माहिती, शिकवण्याचं कसब, पद्धत सुधारण्याचं कसब आणि माणसांना घेऊन चालण्याचं कसब. सेटिंगमधून वर आलेला माणूस पहिलीत पक्का असतो आणि तिसरीत बहुतेकदा कच्चा. कारण साधं आहे: ऑफसेट (माप सरकलं की मशिनमध्ये घालायची दुरुस्ती) स्वतः मारायला दोन मिनिटं लागतात, शिकवायला अर्धा तास.

शिकवण्याचं माप तुमच्या स्किल मॅट्रिक्समध्ये, म्हणजे कोणाला कोणतं मशिन किती येतं त्या तक्त्यात आहे. प्रत्येक मशिनच्या रकान्यात लेव्हल ३ किंवा वरची, म्हणजे देखरेखीशिवाय चालवणारी, माणसं मोजा. जिथे एकच आहे तिथे तो माणूस रजेवर गेला की तुम्ही अडकणार. मग सहा महिन्यांपूर्वीची मॅट्रिक्स शेजारी ठेवा आणि किती जण एक पायरी वर सरकले ते बघा. एकही सरकला नसेल तर ती तुमची उणीव, ट्रेनींची नव्हे. फक्त मॅट्रिक्स भिंतीवर दाखवायला भरलेली नको. शंका असेल तिथे त्या माणसाकडून तुमच्यासमोर एक सेटिंग करून घ्या.

दुसरं, तुम्ही रजेवर होतात ते दिवस काढा. त्या दिवसांचं उत्पादन आणि रिजेक्शन (नापास झालेले नग) तुमच्या दिवसांशी ताडून बघा. तुम्ही नसताना रिजेक्शन वाढत असेल तर ‘माझ्याशिवाय चालत नाही’ म्हणून ते बलस्थानात लिहू नका. ते उणिवांत जातं. मात्र तुलना एकाच पार्टची करा आणि असे ८-१० दिवस तरी हवेत. दोन रजांवरून काही ठरवू नका.

तिसरी नोंद मला सगळ्यात महत्त्वाची वाटते: वाईट बातमी तुमच्यापर्यंत किती वेळात पोचते. पुढचे ३० दिवस प्रत्येक रिजेक्शन आणि ब्रेकडाउनसमोर तीन गोष्टी लिहा: कधी घडलं, तुम्हाला कधी कळलं, कोणी सांगितलं. समजा ११:२० ला बोअर ओव्हरसाइज गेला (भोक मापापेक्षा मोठं झालं), पण तुमच्या कानावर १२:४० ला आलं, तेही इन्स्पेक्टरकडून. सायकल टाइम, म्हणजे एका नगाला लागणारा वेळ, १४० सेकंद धरला तर मधल्या ८० मिनिटांत ३४ नग निघाले. आता ऑपरेटर का बोलला नाही ते शोधा. त्याला कळलंच नसेल, तर गेजिंग (माप तपासणं) शिकवण्यात कमी पडलात. ऑफसेट मारून गुपचूप सावरत बसला असेल, तर मशिन कधी थांबवायचं ते त्याला स्पष्ट सांगितलेलं नाही. आणि मागच्या वेळी सगळ्यांदेखत बोलणी खाल्ली म्हणून गप्प बसला असेल, तर तुमच्या बोलण्याचा परिणाम त्या ३४ नगांत मोजून मिळतोय.

एचआर_भोसरी
कॅलिपरदादांनी रजिस्टरांचं सांगितलं, मी माणसांना विचारण्याचं सांगते. इथे बरेच जण घोळ घालतात.

‘मी कसा आहे?’ असं विचारलं की ‘चांगले आहात साहेब’ एवढंच हाती लागतं. वागणुकीबद्दल विचारा. हे दोन प्रश्न पुरतात: ‘मी कोणती गोष्ट करायची थांबवली तर तुमचं काम सोपं होईल?’ आणि ‘गेल्या पंधरा दिवसांत मला सांगावंसं वाटलं पण सांगितलं नाही, असं काय होतं?’

तुम्ही स्वतः मात्र विचारू नका. कंत्राटी माणसाला पुढच्या महिन्याचा गेट पास दिसत असतो, तो तुमच्या तोंडावर खरं बोलणार नाही आणि त्यात त्याची चूक नाही. दुसऱ्या विभागातल्या कोणाला तरी विचारू द्या आणि सगळं एकत्र करूनच तुमच्याकडे येऊ द्या. पाचपेक्षा कमी जणांचा वेगळा गट करू नका. तुमचे सेटर चारच आहेत, कोण काय बोललं ते तुम्ही लगेच ओळखाल. म्हणून सेटर आणि ऑपरेटर एकत्र घ्या. कागदावर लिहून घेतलं तर अक्षर ओळखू येतं, त्यापेक्षा खुणा करायचा तक्ता ठेवा किंवा विचारणाऱ्यालाच लिहू द्या. बोनस आणि इन्क्रिमेंटचे महिने टाळा.

बाजूने बघणाऱ्यांना विसरू नका: इन्स्पेक्टर, मेंटेनन्स, स्टोअर आणि तुमच्यानंतरच्या शिफ्टचा सुपरवायझर. हे तुमच्या हाताखाली नाहीत, त्यामुळे मोकळं बोलतात. हँडओव्हरच्या (शिफ्ट सोपवतानाच्या) वहीत तुम्ही काय लिहायचं टाळता, ते पुढच्या शिफ्टवाल्याइतकं कोणालाच माहीत नसतं.

उत्तरं यायच्या आधी तेच प्रश्न तुम्ही स्वतः भरा आणि पाकीट बंद करा. नंतर दोन्ही शेजारी ठेवून फरक बघा. १९५५ साली जोसेफ लुफ्ट आणि हॅरिंग्टन इंगहॅम या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी जोहारी विंडो मांडली. त्यातला इतरांना दिसणारा पण आपल्याला न दिसणारा चौकोन तुम्हाला शोधायचाय, आणि तो या फरकातच सापडतो.

एक कळकळीची विनंती. कोण बोललं ते शोधायला जाऊ नका. एकदा जरी शोधलंत तरी पुढच्या वर्षी सगळ्या खुणा ‘उत्तम’वर येतील. उलट आठवड्याच्या आत सकाळच्या मीटिंगमध्ये, म्हणजे तुमच्या बाबतीत शिफ्ट सुरू होताना, सांगा: हे ऐकलं, यातली ही एक गोष्ट बदलतोय.

गेज_रूम
वरचं पटतं, पण आकड्यांना जरा सांभाळून घ्या. कास्टिंगचा लॉट कडक आला, इन्सर्टचा (कापणाऱ्या पात्याचा) मेक बदलला, तर रिजेक्शन तुमच्यामुळे वाढलेलं नसतं. प्रत्येक आकड्यापुढे ‘यात माझ्या हातात काय होतं’ हा रकाना ठेवा, नाहीतर नको तो दोष अंगावर घ्याल किंवा नको ते श्रेय.

मी अजून एक वही सुचवेन. कोणताही निर्णय घेताना काय होईल असं वाटतंय ते तारखेसह लिहून ठेवायचं आणि नंतर ताडायचं. व्यवस्थापनतज्ज्ञ पीटर ड्रकर हेच सांगायचे, फक्त ते नऊ-बारा महिन्यांनी तपासायला सांगत. तुमच्याकडे दोनच महिने आहेत, तेव्हा पंधरा दिवसांत निकाल लागेल असे निर्णय निवडा. उदाहरणार्थ: ‘या ट्रेनीला ७ नंबरच्या मशिनवर टाकतोय. १० दिवसांत तो मदतीशिवाय फर्स्ट पीस (सेटिंगनंतरचा पहिला नग) पास करेल.’ अशा २० नोंदी झाल्या की चुकलेल्या वेगळ्या काढा आणि बघा, अंदाज मशिनबद्दल चुकला, वेळेबद्दल की माणसाबद्दल. माणसांबद्दलच आणि एकाच दिशेने चुकत असेल, म्हणजे नव्यांना दरवेळी कमी लेखत असाल, तर उणीव सापडली.

बलस्थान जास्त झालं की तेच नडतं, हेही तपासा. झटपट निर्णय घेणाऱ्याच्या लाइनवर हळूहळू कोणीच निर्णय घेत नाही. आठवडाभर मोजा: किती जण ‘काय करू?’ विचारत आले आणि किती जण ‘असं करतोय, चालेल ना?’ म्हणत आले.

सेकंड_शिफ्ट
तिघांचेही मनापासून आभार. उद्यापासून वेळेची नोंद सुरू करतो. एकच भीती आहे: खरी उणीव फॉर्मवर लिहिली तर इन्क्रिमेंटला फटका बसणार नाही का?

एचआर_भोसरी
नुसती उणीव लिहिली तर बसू शकतो. ‘कधी कधी चिडतो’ असं लिहिलंत की वाचणाऱ्याच्या मनात तेवढंच राहतं. उणीव, पुरावा, उपाय आणि तारीख एका दमात लिहा. असं:

‘५ मशिनवर लेव्हल ३ चा प्रत्येकी एकच ऑपरेटर आहे. गेल्या सहा महिन्यांत दोघांचीच पायरी वाढली. कारण अडचण आली की सेटिंग मी स्वतः करतो. या महिन्यापासून रोज ३० मिनिटं एका ट्रेनीला एकच सेटिंग: आधी मी करून दाखवणार, मग तो करणार आणि करताना कारण सांगणार. तीन महिन्यांत पाचही मशिनवर प्रत्येकी दोन माणसं.’

सगळ्या उणिवा एका वर्षात लिहू नका. फॉर्मला तीन लागतात, त्यातल्या दोन थोडक्यात आटपा आणि एकीवर असं सविस्तर लिहा. फॉर्म देण्याआधी शॉप मॅनेजरसाहेबांना तोंडी सांगा, कारण रोजची ३० मिनिटं उत्पादनातून जाणार आहेत आणि त्याला होकार त्यांचाच लागेल.

कॅलिपर
आणि ती ३० मिनिटं शिफ्टच्या पहिल्या तासात घेऊ नका. फर्स्ट पीस अप्रूव्हलची घाई असते, शिकवायचं सोडून आपलाच हात आपोआप मशिनच्या पॅनेलकडे जातो. चहाच्या सुट्टीनंतरची वेळ धरा.