मदत हवी: चेक बाऊन्सची नोटीस आली, अटक होते का?

गांधीबागवाला: होजिअरीचा होलसेल आहे. बाजारात उधारी अडकली, गोदामात मागच्या सीझनचे स्वेटर पडून. लुधियानाच्या पार्टीचे दोन चेक परत गेले, वकिलाची नोटीस आली. त्यांचा माणूस फोनवर म्हणतो, पोलीस घेऊन येतो. अटक होते का? बाकीच्या चेकांना स्टॉप पेमेंट मारू का? लवकर सांगा, डोकं चालून नाही राहिलं.

बुटीबोरीवाला: खातंच बंद करून टाका. माझ्या मेहुण्यानं हेच केलं, काही झालं नाही.

अ‍ॅड_सिव्हिललाईन्स: असलं काही करू नका. खातं बंद केलं, स्टॉप पेमेंट दिलं, तरी कलम 138, म्हणजे चेक परत गेल्याचा फौजदारी गुन्हा, लागू शकतं, वर नियत खोटी दिसते. नोटीस हातात कधी पडली? चेक परत आला त्या बँकेच्या मेमोवर कारण काय? फर्म प्रोप्रायटरी (एकाच मालकाची) की पार्टनरशिप? चेक बिलापोटी दिले होते का?

गांधीबागवाला: मेमोवर कारण ‘बॅलन्स नाही’. चेक सिक्युरिटीचे, म्हणजे हमी म्हणून दिलेले होते, कोरे, नुसत्या सह्या. म्हणजे केस बनत नाही ना?

महालकर: नाहीच बनत. सिक्युरिटी चेकला 138 नाही, व्हॉट्सॲपवर आलं होतं.

अ‍ॅड_सिव्हिललाईन्स: महालकर, अर्धवट नका सांगू. देणं थकलं असेल तर सिक्युरिटीचा चेकही 138 मध्ये येतो, सुप्रीम कोर्टाचा 2021 चा निकाल आहे. आणि सही खरी म्हटल्यावर चेक देण्यापोटीच दिला असं कोर्ट धरून चालतं, नव्हतं हे आपण दाखवायचं. मधे काही रक्कम दिली होती का? दिली असून त्यांनी चेक पूर्ण रकमेचा लावला असेल तर तो मुद्दा धरा. नोटीस मिळाल्याची तारीख अजून सांगितली नाही.

वऱ्हाडी_ठेचा: चेक देणाऱ्याचीच कीव येऊन राहिली सगळ्यांना! माझे पैसे कळमन्यात एका अडत्याकडे फसले. 2017 पासून केस चालू, नुसत्या तारखा. अशांना आत टाकलं पाहिजे.

गांधीबागवाला: भाऊ, तुमचं नंतर. मलाही लोकांकडून येणंच आहे.

उमरेडकर: स्वेटर किती नग आहेत? आमच्या बाजारात निघतील.

गांधीबागवाला: नोटीस मागच्या शुक्रवारी आली. मिसेसच्या नावानं. फर्म तिच्या नावावर आहे, सह्याही तिच्याच. धंदा मीच पाहतो.

महालकर: अरे बाप्पा! हे आता सांगता?

अ‍ॅड_सिव्हिललाईन्स: मग आरोपी त्या होतील, तुम्ही नाही. त्यांना आजच सगळं सांगा. नोटीस मिळाल्यापासून 15 दिवसांत चेकची रक्कम दिली तर 138 चा विषय संपला. नाही दिली तर पुढच्या महिनाभरात ते तक्रार टाकू शकतात, तीही लुधियानात. 2015 च्या दुरुस्तीनंतर ज्यानं चेक खात्यात लावला, त्याच्या शाखेच्या हद्दीतलं कोर्ट. गुन्हा जामीनपात्र आहे, नुसत्या नोटिशीवर पोलीस येत नाहीत. पण समन्स चुकवत बसलात तर वॉरंट निघतं आणि मग पंजाबच्या चकरा. शिक्षा 2 वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पूर्ण रक्कम जमत नसेल तर वकिलामार्फत उत्तर द्या आणि हप्ते बांधून मागा. तडजोड लेखी करा, उरलेले कोरे चेक परत घ्या. केस सुरू झाल्यावरही तडजोड होते.

बुटीबोरीवाला: त्यापेक्षा दिवाळखोरीत जा. सगळ्या केसेस थांबतात.

अ‍ॅड_सिव्हिललाईन्स: ते कंपनीपुरतं. तिथंही सही करणाऱ्या डायरेक्टरवरची केस थांबत नाही. इथं तर कंपनीच नाही.

गांधीबागवाला: थोडी रक्कम आरटीजीएसनं दिली होती, स्टेटमेंट काढतो. हप्त्यांचं आज बोलतो.

अ‍ॅड_सिव्हिललाईन्स: फोनवर नको. लेखी.

वऱ्हाडी_ठेचा: मॅडम, केस चालू असतानाच आरोपीला चेकच्या रकमेच्या 20 टक्क्यांपर्यंत आधी भरायला लावतात म्हणे, माझ्या केसमध्ये मागू का?

अ‍ॅड_सिव्हिललाईन्स: ती तरतूद 2018 मध्ये आली, आधीच्या गुन्ह्यांना लागत नाही. तुमच्यासाठी वेगळा धागा काढा.