शब्दचर्चा: स्विच 'स्टॅक' केले म्हणजे नेमकं काय केलं?

वर्धारोडवाला: मंडळी, एका शब्दावरून वाद चालू आहे. आमच्या कॉलेजच्या नेटवर्क स्विचच्या (सगळे पीसी वायरीनं एकमेकांना जोडणाऱ्या डब्यांच्या) कोटेशनमधे लिहिलं होतं "सर्व स्विच स्टॅक करून देणे". माणूस आला, एका स्विचच्या २४ नंबर पोर्टातून दुसऱ्याच्या १ नंबरात पॅचकॉर्ड (नेटवर्कची छोटी वायर), दुसऱ्यातून तिसऱ्यात, असं जोडून गेला. मी म्हटलं हे स्टॅक नाही, तं तो म्हणते रॅकमधे एकावर एक ठेवले ना, मग स्टॅकच झालं. कोणाचं बरोबर?

रॅकवाला: भाऊ, त्यानं डिक्शनरीतला स्टॅक दिला तुले, नेटवर्कवाला नाही. एकावर एक ठेवले ती नुसती थप्पी. स्टॅक म्हणजे सगळे मिळून एकच स्विच म्हणून चालले पाहिजेत, एक आयपी (नेटवर्कवरचा पत्ता), एक कॉन्फिगरेशन (सेटिंग), पोर्टचे नंबरही १/०/५, २/०/५ असे, पहिला आकडा मेंबरचा. सिस्को कंपनीच्या ३७५० या स्विचला मागून स्टॅकचे वेगळे दोन पोर्ट असायचे, केबल जाडजूड, अर्धा मीटर, एक मीटर नाहीतर तीन मीटर, बस. ९ स्विचपर्यंत जोडता यायचे आणि शेवटच्यातून परत पहिल्यात केबल आणून कडं पूर्ण करायचं, म्हणजे एक केबल निघाली तरी दुसऱ्या बाजूनं रस्ता राहते. त्या स्टॅकची स्पीड ३२ जीबीपीएस (सेकंदाला गिगाबिट). तुझ्याकडे जे केलं त्याला कॅस्केड म्हणतात, कोणी डेझी चेन म्हणते. तिसऱ्या स्विचवरचे सगळे पीसी एका १ जीबीच्या वायरीतून दुसऱ्यात येऊन राहिले आणि तिथून दुसऱ्याचे धरून परत एकाच वायरीतून पहिल्यात.

मराठीची_मॅडम: मराठी शब्दच हवे असतील तर नाण्यांची चळत, पोत्यांची थप्पी आणि मडक्यांची उतरंड. उतरंडीतलं खालचं मडकं काढलं की वरची सगळी जातात, तेव्हा कॅस्केडला तो शब्द जास्त शोभेल. स्टॅकला मात्र यातला एकही बसत नाही, कारण तिथे वस्तू वेगळ्या राहतच नाहीत.

वर्धारोडवाला: मॅडम, उतरंड लिहिलं तं तो खरंच मडके घेऊन येईल 😄

बर्डीवाला: दुकानात रोज बघतो, ब्रोशरवरचा 'व्हर्च्युअल स्टॅकिंग' वाचून लोक फसतात. स्वस्त स्विचमधे त्याचा अर्थ बहुतेक एवढाच की एका आयपीवरून सगळ्यांची सेटिंग करता येते, डेटा जातो साध्याच पोर्टातून. आणि तिकडे जुनिपरचं व्हर्च्युअल चेसी घ्या, एचपीईचं आयआरएफ घ्या (दोन्ही त्या कंपन्यांच्या स्टॅकिंगच्या पद्धती), तेही साध्या १० जीबीच्या पोर्टांवरून चालते पण खरोखर एकच स्विच बनते. तोच व्हर्च्युअल शब्द, अर्थ पार वेगळे. 'ट्रंक'चं तं विचारूच नका, सिस्कोवाला ट्रंक म्हणते ते बरेच व्हीलॅन (त्याच स्विचांवर वेगळे पाडलेले नेटवर्क) एका वायरीतून नेणारं पोर्ट, जुन्या एचपी प्रोकर्व्हवाला ट्रंक म्हणते ते दोन-चार वायरी बांधून केलेली एक लिंक. दोघं फोनवर बोलले की अर्धा तास भांडण पक्कं.

वर्धारोडवाला: बरं मग मी आता खरं स्टॅक मागू का? तीन मजले आहेत, प्रत्येक मजल्यावर एक स्विच, शिवाय अंगणापलीकडे होस्टेल.

रॅकवाला: काहून मागतो? मजले वेगळे असले तं तीन मीटरच्या केबलनं काय होणार, फायबरवरून स्टॅक होते पण मजल्यावर एकेकच स्विच असताना तुले त्याचा उपयोग नाही. एका रॅकमधे दोन-तीन ४८ पोर्टवाले असते तं स्टॅक कर म्हटलं असतं. तुले स्टार पाहिजे, प्रत्येक मजल्याची लिंक थेट सर्व्हर रूममधल्या कोरपर्यंत (मधल्या मुख्य स्विचपर्यंत). पैसे असतील तं कोरचे दोन स्विच स्टॅक कर आणि मजल्यावरून दोन लिंक आण, एक याच्यात एक त्याच्यात, एलएसीपी (दोन लिंक मिळून एक करायची पद्धत) लावून, म्हणजे कोरमधला एक गेला तरी कॉलेज चालू. होस्टेलला मात्र फायबरच टाक, तांब्याची वायर १०० मीटरपर्यंत चालते खरी पण दोन बिल्डिंगांची अर्थिंग वेगळी आणि जूनमधे आपल्याकडे विजा कशा कडाडतात माहीत आहे, पोर्ट जळून जातात.

आणि एक, माझं वाचून आता तू कडं पूर्ण करायला तिसऱ्यातून पहिल्यात पॅचकॉर्ड नको लावू बाप्पा! स्विचमधे एसटीपी (असं कडं आपोआप तोडणारी सोय) नसेल किंवा बंद असेल तं लूप होते, ब्रॉडकास्ट (सगळ्यांना जाणारा डेटा) फिरतच राहते आणि अख्खं कॉलेज बसते.

बर्डीवाला: स्टॅकची दुसरी बाजूही सांगा ना. फर्मवेअर (स्विचच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट केलं की साधारण सगळे मेंबर सोबतच रिस्टार्ट होतात, आणि वेगळ्या कंपनीचा सोडा, त्याच कंपनीच्या दुसऱ्या सिरीजचा स्विचही बहुतेक जुळत नाही.

वर्धारोडवाला: मग कोटेशनमधे शब्द काय टाकू?

रॅकवाला: शब्दावर सोडूच नको, वाक्य लिही. "प्रत्येक मजल्याचा स्विच कोरला स्वतंत्र लिंकने जोडणे, कोरचे दोन स्विच एका आयपीवर एकच स्विच म्हणून चालले पाहिजेत, त्यातला कोणताही एक बंद करून दाखवणे."

बर्डीवाला: खाली हेही टाका, "स्टॅकचं मोड्यूल आणि केबल धरून किंमत". बऱ्याच मॉडेलमधे ते वेगळं विकत घ्यावं लागते, आणि ते कळते बिल आल्यावर.