मदत हवी आहे: ब्लूबर्डच्या घरट्यात चिमण्यांची घुसखोरी (आणि चिमण्यांना दाणे घालणारी आई)

मंडळी, घाईत लिहितेय, सांभाळून घ्या.

आम्ही नॉर्थ कॅरोलायनात, कॅरीला राहतो. मागच्या अंगणात लोखंडी खांबावर ब्लूबर्डसाठी लाकडी पेटी लावलीय. यंदा मार्चमध्ये जोडी आली. नराची पाठ निळीभोर, छाती विटकरी. मादी जरा फिकी. तिनं पाइनच्या वाळक्या सुया आणून इतकी रेखीव वाटी विणली, की मी रोज कॉफी घेऊन खिडकीत उभी.

आणि तिथंच माशी शिंकली. आई नाशिकहून आलीय. तिकडे चिमण्या दिसत नाहीत म्हणून हळहळणारी ती, इथं डेकवर चिमण्या बघून हरखलीच. रोज सकाळी मूठभर बाजरी आणि रात्रीचा उरलेला भात. आठ दिवसांत दोनाच्या वीस झाल्या.

गेल्या आठवड्यात पेटीखालच्या गवतात फिकट निळं अंडं सापडलं, चोचीनं टोचलेलं. पेटीकडे गेले तर गळ्याला काळा डाग असलेला चिमणा भुर्रकन बाहेर. आत त्या सुंदर वाटीवर गवत, पिसं, टिशू पेपरचे कपटे, नुसता उकिरडा. तो सगळा काढून टाकला. जोडी परत आली, नवी वाटी विणली, काल पहिलं अंडं आणि आज दुसरं!

पेटीचं भोक दीड इंची आहे, ते सव्वा इंच करू का? की पेटीच दुसरीकडे हलवू? शेजारच्यांच्या पेटीत मागे काळा साप चढला होता, त्याचं काय करायचं? आणि आईला कसं सांगू? "एक घास चिऊचा म्हणत तुला भरवलं, आणि तू चिऊलाच हाकलतेस?" असं ऐकवून झालंय.

अंगणवेडा: भोकाला हात लावू नका. ब्लूबर्डला दीड इंच लागतंच, आणि तेवढ्यातून चिमणीही जाते. सव्वा इंच केलंत तर ब्लूबर्डच बाहेर राहील, चिमणी तरीही घुसू शकते. पेटीही हलवू नका, अंडी टाकून जातील. शिवाय ब्लूबर्डला 1918 च्या स्थलांतरित पक्ष्यांच्या कायद्याचं संरक्षण आहे. चिमणीला नाही, त्यामुळे तुम्ही तिचा पसारा काढलात ते ठीकच.

अंडं आलंय ना, मग आजच एक करा. वाढदिवसाचा चकचकीत फुगा कापून लांब पट्ट्या काढा आणि पेटीच्या वर आडवी काठी बांधून अशा सोडा, की टोकं छपरावर हलत राहतील. चिमण्या बिचकतात, ब्लूबर्ड अंड्यांच्या ओढीनं सरावतात. अंडं यायच्या आधी लावलं असतंत तर तेही पळाले असते. लावल्यावर तासभर लांबून बघा. मादी आत जाईना तर काढून टाका. भोकाखाली बसायला दांडी असेल तर तीही काढा, ती चिमणीच्याच कामाची.

सापासाठी खांबावर पेटीखाली बॅफल, म्हणजे आठेक इंच रुंद, दोन फूट लांब पत्र्याचा नळा, वरून बंद. रॅकूनही (मांजराएवढा, झाडावर चढणारा प्राणी) अडतो.

शेवटचं अंडं झालं की मादी बसेल, साधारण 12 ते 14 दिवसांत पिल्लं. ती 12 दिवसांची झाली की दार उघडायचं नाही, दचकून वेळेआधीच बाहेर पडतात.

आणि बाजरी बंद. यावर तडजोड नाही, चिमणे पिल्लांची डोकी फोडतात. मी बघितलंय.

खानदेशी_ठेचा: गोष्टीत कावळा म्हणायचा, चिऊताई चिऊताई दार उघड. इथं चिऊताईच दुसऱ्याचं दार फोडतेय! काकूंना सांगा, चिमणी तीच, आपलीच जात. 1850 च्या सुमारास युरोपातून ब्रुकलिनला आणून सोडली, तिथून देशभर पसरली. इथल्या पाखरांना तिच्याशी भांडायची सवय नाही.

धागाकर्ती: पट्ट्या लावल्या. नर छपरावर बसून मान वाकडी करकरून बघत होता, मादी पंचवीस मिनिटांनी सरळ आत. चिमणा दोनदा कुंपणापर्यंत येऊन परतला.

आईला ते टोचलेलं अंडं दाखवलं (डबीत ठेवलं होतं). काही बोलली नाही. संध्याकाळी बाजरीचा डबा पीठ करायला काढला, उद्या भाकरी आहे.

@अंगणवेडा, बॅफल उद्या बसवतोय. पण मेपलची एक फांदी पेटीपासून चारेक फुटांवर येते. साप तिथून येईल का? आत्ता, मादी अंडी घालत असताना छाटली तर चालेल?